होलोग्राफिक फॅन लोकांसमोर लावण्याआधी तपासायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: 42 सेमी व्यासाचा, दोन पात्यांचा एलईडी होलोग्राफिक फॅन हाताशी आहे. नव्या उत्पादनाचं 10 सेकंदांचं फिरतं ॲनिमेशन त्यावर दाखवायचं आहे. सोबत आलेले डेमो झकास दिसतात. स्वतःची फाइल टाकली की मात्र वस्तूमागे करडी तबकडी दिसते, अक्षरं लागत नाहीत, आणि मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर निम्मं चित्र गायब. दोष यंत्रात आहे, फाइलमध्ये की कॅमेऱ्यात?

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, म्हणून तपासणीही एकेक करूनच करायला हवी: आधी यंत्र, मग फाइल, मग जागा. यंत्र तपासताना सोबतचे डेमो बाजूला ठेवा. काळोख भरपूर, ठिणग्या, धूर, सतत हालचाल अशा क्लिपमध्ये एखादं वर्तुळ पूर्ण मेलेलं असलं तरी नजरेत भरत नाही. यंत्राचं खरं रूप साध्या, कंटाळवाण्या नमुना-चित्रांत दिसतं. ती पुढे सांगतो. त्याआधी थोडं गणित, कारण पुढचं बहुतेक सगळं त्यातून निघतं.

हा फॅन खरा होलोग्राम दाखवत नाही. डेनिस गॅबॉर यांना 1971 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या होलोग्राफीसाठी मिळालं, तिच्याशी याचा संबंध नाही. इथे एलईडीची एक रांग गरगर फिरते, प्रत्येक कोनात वेगळे ठिपके पेटवते, आणि दृष्टिसातत्यामुळे, म्हणजे दिसलेला ठिपका क्षणभर नजरेत टिकून राहत असल्याने, डोळ्याला सपाट चित्र हवेत तरंगल्यासारखं वाटतं. बाजूने पाहिलं की तेच चित्र चपटं होतं. ज्यांच्यासाठी काम करताय त्यांना हे आधीच सांगून टाका.

42 सेमीच्या फॅनवर साधारण 224 एलईडी असतात, म्हणजे प्रत्येक पात्यावर 112 आणि दोन एलईडींत सुमारे 1.8 मिमी अंतर. वेग मिनिटाला 700 फेऱ्या धरला तर एका फेरीला 86 मिलिसेकंद लागतात. दोन पाती असल्याने सेकंदाला सुमारे 23 वेळा चित्र रंगतं. एका फेरीचे 720 भाग पाडले तर प्रत्येक भागाला जेमतेम 119 मायक्रोसेकंद मिळतात, आणि सगळ्यात बाहेरच्या वर्तुळावर तो भाग 1.8 मिमी रुंद होतो. तुमच्या यंत्राचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण पत्रकावर काहीही छापलेलं असो, दोन्ही पाती तीच वर्तुळं रंगवत असतील तर व्यासावर 224 ठिपके म्हणजे साधारण 224 बाय 224 चं चित्र, त्याहून जास्त नाही.

आता यंत्र. सुरू करण्याआधी ते भिंतीला किंवा जड स्टँडला पक्कं बांधा. टेबलावर टेकवून किंवा हातात धरून चालवू नका. या वेगाला पात्याचं टोक ताशी 55 किमीने फिरतं. 65 सेमीच्या फॅनला त्याच फेऱ्यांना हा आकडा 86 वर जातो. सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे काळी फ्रेम चालू असतानाचा: एलईडी बंद, काळी पाती वेगात, अंधुक खोलीत ती दिसतच नाहीत आणि माणूस यंत्र बंद आहे समजून हात पुढे करतो. वीज तोडल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात. ती डोळ्यांना पूर्ण थांबलेली दिसल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. लोक जवळ येणार असतील तर पारदर्शक झाकण लागतंच, त्यावर घासाघीस करू नये.

पाती घडीची असतील तर दोन्ही पूर्ण उघडून लॉक झाली आहेत का, सगळे स्क्रू सारखेच घट्ट आहेत का हे पाहा. पात्यावर खूण करायची असेल तर मार्करचा ठिपका पुरे, टेप चिकटवू नका. टोकाजवळ 1 ग्रॅम जास्तीचं वजन म्हणजे या वेगाला सुमारे 1 न्यूटनची, म्हणजे साधारण 100 ग्रॅम वजनाएवढी ओढ, आणि ती सेकंदाला जवळजवळ 12 वेळा दिशा बदलत फिरते. स्टँडच्या तळाला बोट लावून पाहा. हलकी गुणगुण चालेल, पण ठोके जाणवले तर तोल गेलाय किंवा पातं सैल आहे. तसं असेल तर पुढची तपासणी थांबवून आधी तेच सोडवा.

यानंतर नमुना-चित्रं. चौकोनी कॅनव्हासवर ही स्वतः बनवा: संपूर्ण काळं, संपूर्ण पांढरं, नुसतं लाल, नुसतं हिरवं, नुसतं निळं, एकात एक बारीक वर्तुळं, मध्यापासून निघणाऱ्या सायकलच्या आऱ्यांसारख्या सरळ रेषा, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 16 पायऱ्यांची करडी पट्टी. प्रत्येक नमुना दोन प्रकारे साठवा. एक पीएनजी चित्र म्हणून, दुसरा तुमच्या ॲनिमेशनसाठी जे एक्सपोर्ट सेटिंग वापरता त्याच सेटिंगने एमपी४ म्हणून. हे दोन प्रकार का, ते करड्या तबकडीपाशी कळेल.

लाल, हिरवा आणि निळा नमुना प्रत्येकी मिनिटभर पाहा. इथे एलईडी ठिपक्यासारखा मरत नाही, वर्तुळासारखा मरतो, कारण एक एलईडी एक संपूर्ण वर्तुळ रंगवतो. निळ्यात एक बारीक काळं वर्तुळ दिसलं आणि लाल-हिरव्यात दिसलं नाही, तर त्या एलईडीचा फक्त निळा भाग गेलाय. वर्तुळ काळं नसून निम्म्या तेजाचं असेल तर दोन्ही पाती तेच वर्तुळ रंगवतात आणि त्यातल्या एकावरचा एलईडी गेलाय. काही यंत्रांत दोन पात्यांवरचे एलईडी अर्ध्या अंतराने सरकवलेले असतात. तिथे मेलेल्या एलईडीचं वर्तुळ काळंच दिसतं. एका जागेपासून टोकापर्यंतची संपूर्ण पट्टी अंधारी असेल तर बहुधा पात्यावरची डेटा लाइन तुटली आहे किंवा कनेक्टर सैल आहे. हे दुरुस्त होऊ शकतं. मधलाच रुंद पट्टा गेला असेल तर त्या एलईडींना वीज देणाऱ्या चालक चिपकडे बोट जातं. काळ्या नमुन्यातही एखादं वर्तुळ पेटलेलं राहिलं तर तो एलईडी अडकलाय, आणि काळ्यावर पेटलेली रेघ ही पांढऱ्यावरच्या काळ्या रेघेपेक्षा कितीतरी जास्त खुपते. असं यंत्र बदलून घ्यावं.

पांढऱ्या नमुन्यात मध्यभाग भाजल्यासारखा झगझगीत दिसतो का? मध्यापासून 2 सेमीवरचा एलईडी 20 सेमीवरच्या एलईडीपेक्षा दहापट लहान वर्तुळावर तेवढाच प्रकाश सांडतो. फर्मवेअरने, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरने, आतले एलईडी मंद केले नसतील तर तिथलं तेज तितक्याच पटीने जास्त राहतं. हे यंत्रात बदलता येत नसेल तर ॲनिमेशनमध्ये मध्याकडे गडद होत जाणारा गोल मास्क टाका. पाती जिथे बसतात त्या मधल्या हबची जागा तर रिकामीच राहते. उत्पादनाचं नाव किंवा चेहऱ्याचा डोळा नेमका मध्यावर येऊ देऊ नका.

आऱ्यांचा नमुना सगळ्यात बोलका. रेषा स्थिर आणि एकेरी दिसायला हव्यात. बाहेरच्या टोकाला प्रत्येक रेषा दुहेरी होत असेल आणि मध्याकडे ती दुहेरी कड मिटत जात असेल, तर दोन पाती एकमेकांच्या बरोबर समोर नाहीत. 1 अंशाची चूक 21 सेमीवर 3.7 मिमीची होते, म्हणजे दोन ठिपके. पात्याचा स्क्रू सैल करून नीट बसवून पुन्हा कसा, बहुतेक वेळा तेवढ्याने जमतं. सगळं चित्रच वाकडं पण स्थिर असेल तर फेरी मोजणाऱ्या चुंबकाची आणि तो चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरची जागा तेवढ्या अंशाने सरकलेली आहे. ॲपमध्ये फिरवण्याची सोय असते, ती वापरा, किंवा यंत्रच तेवढं फिरवून टांगा. रेषा थरथरत असतील तर मामला वेगळा: एकतर सेन्सरचा सिग्नल मध्येच चुकतोय, नाहीतर मोटरचा वेग फेरीगणिक बदलतोय. चुंबक सैल आहे का ते पाहा, मग वीजपुरवठा तपासा.

वेग मोजायला वेगळं उपकरण लागत नाही. पांढरा नमुना लावून मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन घ्या आणि एक एक फ्रेम पुढे सरकवा. एक पातं घड्याळाच्या 12 च्या जागेवरून निघून पुन्हा तिथेच येईपर्यंतच्या 10 फेऱ्यांच्या फ्रेम मोजा. 206 फ्रेम झाल्या तर 1,44,000 भागिले 206, म्हणजे मिनिटाला 699 फेऱ्या. मधूनच दुसरं पातं जातं, ते मोजू नका. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. यंत्र तापल्यावर वेग थोडा सरकला तर हरकत नाही, कारण चित्राची वेळ दर फेरीला सेन्सरवरून पुन्हा जुळते. एकाच मोजणीत फेऱ्या लहानमोठ्या येत असतील तर मात्र ते आऱ्यांमध्येही थरथरताना दिसेल.

वीजपुरवठ्याची खरी कसोटी पांढऱ्या नमुन्यात लागते, कारण सगळे एलईडी एकाच वेळी वीज ओढतात. पांढऱ्याचा रंग टोकाकडे पिवळसर किंवा लालसर होत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय: निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तेच आधी मान टाकतात. यात नेहमीची चूक म्हणजे 12 व्होल्टची बारीक वायर लांबवणं. 0.5 चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरने 5 मीटर अंतर गाठलं आणि 3 अँपिअर ओढले, तर जाऊन-येऊन 10 मीटरमध्ये सुमारे 1 व्होल्ट वाटेतच संपतो. 1.5 चौरस मिमीची वायर घेतली तर हीच घट सुमारे 0.35 व्होल्टवर येते. त्याहून बरं म्हणजे ॲडॉप्टर यंत्राजवळ ठेवून घरगुती विजेची बाजू लांबवणं. पांढरा नमुना चालू असताना फॅनच्या टोकाला मल्टिमीटरवर 11.4 व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर तशी उभारणी वापरू नका.

आता करडी तबकडी. या यंत्रात काळं म्हणजे पारदर्शक, त्यामुळे काळं शंभर टक्के काळंच हवं. आधी पीएनजीचा काळा नमुना लावा. त्यातही करडं धुकं असेल तर दोष यंत्राचा, एलईडी बंद सिग्नलवरही किंचित चमकताहेत. पीएनजी स्वच्छ, पण एमपी४ चा काळा नमुना करडा, तर एक्सपोर्टमध्ये काळ्याची पातळी चुकली आहे. व्हिडिओत काळं 0 ऐवजी 16 आणि पांढरं 255 ऐवजी 235 धरण्याची पद्धत आहे. फॅनच्या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती ओळखली नाही की 16 चं काळं जसंच्या तसं पात्यावर उतरतं आणि करडी तबकडी तरंगते. एक्सपोर्टला पूर्ण रेंज निवडा, ते जमत नसेल तर लेव्हल्समध्ये काळा बिंदू 16 ते 20 वर ओढा. दोन्ही नमुने स्वच्छ आणि फक्त तुमचं ॲनिमेशन करडं असेल, तर रेंडरमध्ये पार्श्वभूमीच काळी नाही: जमिनीची सावली, वातावरणाचा प्रकाश, किंवा वस्तूमागचा मंद हेलो. रंगाचे आकडे दाखवणारा ड्रॉपर कोपऱ्यात, कडेला आणि वस्तूजवळ टेकवून पाहा, तिन्ही ठिकाणी 0, 0, 0 यायला हवं. वस्तूभोवती चौकोनी डागांची वळवळ दिसली तर कॉम्प्रेशन जास्त झालंय, बिटरेट वाढवा.

करड्या पट्टीच्या 16 पायऱ्यांपैकी खालच्या दोन-तीन बहुतेक यंत्रांत दिसतच नाहीत किंवा एकदम उडी मारून पेटतात. ज्या पायरीपासून पट्टी नीट दिसते त्याच्या खालचं सगळं तुमच्या ॲनिमेशनमध्ये हवेत विरणार आहे. गडद तपकिरी, गडद निळा, सावलीतला भाग यांना पाहणाऱ्याच्या दृष्टीने भोकं पडतात. उत्पादन काळंच असेल तर त्याला काळं दाखवताच येत नाही, कडेने प्रकाशाची रेघ देऊन नुसता आकार उजळावा लागतो. हे रेंडर करण्याआधी ठरवायचं असतं. नंतर ब्राइटनेस वाढवून ते साधत नाही, कारण त्याने पार्श्वभूमीही उजळते.

अक्षरांचा प्रश्न ठिपक्यांचा आहे. 1080 पिक्सेलच्या कॅनव्हासवरची 5 पिक्सेलची रेघ फॅनवर जेमतेम एक ठिपका होते. रेघ किमान 10 पिक्सेल हवी. देवनागरीला रोमन लिपीपेक्षा जास्त जागा लागते: वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि शिरोरेषा वरच्या चिन्हांत मिसळून एकच जाड पट्टा होते. वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंतची उंची व्यासाच्या सातव्या भागापेक्षा कमी ठेवू नका, म्हणजे 42 सेमीवर 6 सेमी, साधारण 32 ठिपके. एका वेळी दोन शब्द पुरे. ते कागदावर कमी वाटतील, पण समोरून चालत जाणाऱ्याला तेवढेच वाचता येतात. शिवाय चौकोनाचे कोपरे वर्तुळात कापले जातात. चौकोनी लोगो संपूर्ण दिसायला हवा असेल तर त्याची बाजू व्यासाच्या 70 टक्क्यांच्या आत, इथे 29 सेमीपर्यंत ठेवा.

फॅनवर फाइल चढवण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. ॲनिमेशन 224 बाय 224 ला लहान करा, गोल काळा मास्क लावा, मध्यावर हबएवढा काळा ठिपका ठेवा आणि मॉनिटरवर त्याच आकारात मोठं करून 2 मीटरवरून पाहा. जे इथे वाचता येत नाही ते फॅनवर मुळीच येणार नाही. एक दिवसाचं रेंडर यात वाचतं.

हालचाल सावकाश ठेवा. चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या क्षणी रंगतात, त्यात फाइल सेकंदाला 30 फ्रेमची आणि यंत्र 23 वेळा रंगवणारं, त्यामुळे आडवी झटपट सरकणारी वस्तू मध्येच कापल्यासारखी दिसते. वस्तूची एक गिरकी 8 ते 10 सेकंदांची असावी. 10 सेकंदांत 30 च्या गतीने 300 फ्रेम होतात, म्हणजे दर फ्रेमला 1.2 अंश. पहिली आणि शेवटची फ्रेम एकच ठेवली तर प्रत्येक लूपला बारीक अडखळ येते. 360 अंशांची फ्रेम काढून टाका, 0 ते 299 एवढ्याच ठेवा. आणि लखलखाट नको. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळायला सांगितलंय. प्रकाशामुळे अपस्माराचा झटका येऊ शकणारी माणसं गर्दीत असू शकतात, तेव्हा ही मर्यादा इथेही काटेकोर पाळावी.

मोबाइलमधलं निम्मं चित्र हा बिघाड नाही. 1/50 सेकंदाच्या शटरमध्ये एक पातं फक्त 84 अंश फिरतं, दोन पाती मिळून 168, उरलेलं काळं. 1/30 ला 280 अंश येतात. नेहमीच्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत शटर याहून मंद होत नाही, म्हणून दोन फाकी गायब राहतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये व्हिडिओ 24 फ्रेमचा आणि शटर 1/24 ठेवलं तर 350 अंश भरतात, जवळजवळ पूर्ण चित्र. फोटोसाठी ट्रायपॉड आणि 1/6 सेकंद: साधारण दोन फेऱ्या एका फोटोत मावतात. पाहुण्यांचे मोबाइल ऑटोवर असणार आणि उजेडात शटर आणखी जलद होणार. लोकांनी व्हिडिओ काढून पसरवावेत हाच हेतू असेल तर दोन पात्यांचा फॅन चुकीची निवड आहे. त्याच वेगाला चार पाती 1/50 मध्येही 336 अंश भरतात.

जागा पाहताना फॅनच्या मागे काय आहे ते सगळ्यात आधी पाहा. मागे पांढरी भिंत किंवा खिडकी असेल तर पारदर्शक काळ्यातून तीच दिसते आणि तरंगण्याचा भास मोडतो. दोन-तीन फूट मागे मॅट काळं कापड लावा, चकचकीत नको. झाकणाच्या काचेत समोरचे दिवे उमटतात, म्हणून वरचा स्पॉटलाइट झाकणाकडे वळलेला नसावा. फॅनचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. आणि ही पाहणी कार्यक्रमाच्याच वेळेला, त्याच दिव्यांखाली करा. बंद खोलीत संध्याकाळी घेतलेली चाचणी दुपारच्या दालनाबद्दल काही सांगत नाही.

फाइल चढवताना फोन सारखा तुटत असेल तर फॅनच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसल्याने फोन स्वतःहून मोबाइल डेटाकडे पळतोय. डेटा बंद करून जोडा. बहुतेक हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि गर्दीच्या दालनात हा पट्टा तुंबलेला असतो, तेव्हा सगळ्या फाइल आदल्या दिवशीच चढवून ठेवा. मूळ पासवर्ड बदला. तो तसाच ठेवला तर तेच ॲप असलेला कोणीही तुमच्या फॅनवर आपलं चित्र लावू शकतो. मेमरी कार्ड चालणारं यंत्र असेल तर कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलची नावं छोटी आणि रोमन अक्षरांत ठेवा, आणि त्याच मजकुराचं दुसरं कार्ड खिशात असू द्या.

शेवटी चार तास सलग चालवा, तुमच्याच ॲनिमेशनवर, झाकण लावून. झाकणात हवा कोंडते, उघड्यावर थंड राहणारी मोटर आत तापते. चार तासांनी वीज तोडा, पाती पूर्ण थांबू द्या, मग हबला हात लावा. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर झाकणाला हवेची वाट द्या किंवा ब्राइटनेस उतरवा. आऱ्यांचा नमुना लावून दुहेरी कड आली आहे का ते पुन्हा पाहा, कारण सैल होणारा स्क्रू तापल्यावर आणि थरथरून झाल्यावरच कळतो. मग प्लग काढून-लावून दहा वेळा सुरू करा. प्रत्येक वेळी फोनला हात न लावता तुमचीच फाइल, पहिल्या फ्रेमपासून, सरळ उभी सुरू व्हायला हवी. दहापैकी एकदा जरी डेमो लागला तर यंत्राच्या यादीतून सगळे डेमो पुसून टाका आणि दहा वेळा पुन्हा करा.